घोड्याची चाल आणि स्वाराची मांड

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. हे गाव १९९८ सालापर्यंत धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात मोडते. सुरत-भुसावळ लोहमार्गावर दोंडाईचा स्टेशनला उतरून जळगाव, अमळनेरकडची मंडळीही येथे पोचतात. दत्ताच्या दर्शनाइतकीच लोकांना ओढ असते ती घोडेबाजाराची. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या प्रांतांतून व्यापारी येथे घोडे आणतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहणारे मारवाडी व काठेवाडी घोडे आणि पांढरेशुभ्र नुकरा येथे हमखास पाहायला मिळतात. अलीकडच्या वर्षांत यात्रेला ‘चेतक महोत्सव’ असे नाव जोडले गेले असून चालीच्या, नाचाच्या आणि रुबाबाच्या स्पर्धाही होतात.

अशा मैदानाभोवती उभे राहिले की एक वाद हटकून कानावर पडतो. खोगीर देशी चांगले की इंग्रजी? लगाम साधा बरा की दांडीचा? स्वाराने रिकिबीत उठबस करावी की घट्ट बसून राहावे? ज्याला जे सवयीचे, ते तो चांगले म्हणतो. आमच्या मते हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारला जातो. आधी घोड्याचे पाय पाहावेत. पाय ज्या क्रमाने पडतात त्यावर स्वाराला किती व कसे हिसके बसणार ते ठरते. हिसक्यांवरून मांड ठरते, मांडीवरून खोगीर ठरते आणि मांड पक्की असेल तर लगाम सौम्य चालतो. या साखळीतली प्रत्येक कडी शाळेतल्या विज्ञानाने उलगडता येते. ती उलगडण्याची गरजही आहे, कारण निवड चुकली तर स्वाराचे फार तर बक्षीस हुकते, घोड्याची मात्र पाठ आणि तोंड जाते.

चार पाय आणि त्यांचे ठोके

घोडा पळताना नुसत्या डोळ्यांनी त्याच्या पायांचा क्रम कळत नाही. चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावून भरधाव घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली आणि वाद मिटवला. चारही पाय खरोखरच हवेत असतात. पण चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. आज हेच काम आपल्या खिशातल्या मोबाईलवर संथगती चित्रण करून होते.

वर्गात हा विषय शिकवायला दोन विद्यार्थी पुरेत. एकामागे एक उभे करा. मागच्याने पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवावेत. पुढच्याचे पाय म्हणजे घोड्याचे पुढचे पाय, मागच्याचे पाय म्हणजे मागचे. आता एकेक चाल करून पाहू या.

साध्या चालण्यात क्रम असा असतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार पाय, चार वेगळे ठोके. जमिनीवर नेहमी दोन किंवा तीन पाय टेकलेले असतात.

दुडकी चालीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, तिरप्या जोड्या चालतात. मागचा डावा व पुढचा उजवा एकदम पडतात, मग मागचा उजवा व पुढचा डावा. ठोके दोनच. एक जोडी उचलल्यावर दुसरी टेकेपर्यंत क्षणभर घोडा हवेत असतो.

उंटाची चाल याहून वेगळी. तो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. ठोके येथेही दोनच. पण शरीर वर उडण्यापेक्षा डावी-उजवीकडे जास्त झुलते. काही घोडेही असे चालतात.

आता आपल्या मुख्य चालीकडे येऊ. तिला रवाल म्हणतात, कोणी रेवाल म्हणतात. एका बाजूचे पाय एकामागोमाग, पण एकदम नव्हे, असे येथे पडतात. क्रम साध्या चालण्याचाच असतो, वेग मात्र दुडकीचा किंवा त्याहूनही अधिक. चार ठोके अगदी जवळजवळ पडतात. कान देऊन ऐकले तर दुडकीचा ‘टप्-टप्’ आणि रवालीचा ‘टपटप-टपटप’ असा फरक डोळे मिटूनही ओळखता येतो.

याशिवाय तीन ठोक्यांची कँटर आणि चार ठोक्यांची चौखूर धाव आहे, पण आजचा मुख्य मुद्दा दुडकी आणि रवाल यांच्यातल्या फरकाचा आहे.

प्रत्येक चालीला तिचा स्वतःचा किफायतशीर वेगही असतो. १९८१ साली अमेरिकेत हॉइट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी तट्टांना सरकत्या पट्ट्यावर चालवून त्यांनी वापरलेला ऑक्सिजन मोजला. प्रत्येक चालीत असा एक वेग सापडला की ज्या वेगाला तेवढेच अंतर कापण्यासाठी सर्वांत कमी ऑक्सिजन लागतो. मोकळी सोडल्यावर तट्टे आपणहून त्याच वेगाच्या आसपास चालत होती. वेग वाढवायचा झाला की घोडा चाल बदलतो तो उगीच नव्हे.

रवालीत पेला का हिंदकळत नाही

रवालीच्या घोड्याची थोरवी सांगताना जाणकार म्हणतात, स्वाराच्या हातात पाण्याचा भरलेला पेला द्या, थेंब सांडणार नाही. थोडी अतिशयोक्ती सोडली तर यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे.

दुडकीत घोड्याचे पाय स्प्रिंगसारखे वागतात. जोडी टेकली की शरीर खाली दबते, मग स्नायू व स्नायुबंध ते वर उडवतात. दर पावलाला गुरुत्वमध्य खाली-वर होतो आणि मध्ये हवेतला क्षणही येतो. रवालीत किमान एक पाय सतत जमिनीवर असतो. एका पायाचा आधार सुटण्यापूर्वी दुसऱ्याचा मिळालेला असतो, त्यामुळे शरीर पडतही नाही आणि उडतही नाही. गुरुत्वमध्याची वाट जवळजवळ सपाट राहते.

मुलांना हे पटवायचे असेल तर एकाच्या हातात पाणी भरलेला पेला द्या. आधी त्याला दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारत वर्ग ओलांडायला सांगा, मग तेवढ्याच वेळात झपझप चालत. कोठे जास्त पाणी सांडले ते मोजा.

ही चाल घोड्यात येते कोठून? काही प्रमाणात ती जन्मजात असते. २०१२ साली स्वीडनमधील उप्सला विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध झाला. घोड्याच्या डीएमआरटी-३ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला की त्यापासून बनणारे प्रथिन अपुरे राहते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत काही चेतापेशी पायांच्या हालचालींचा मेळ घालतात. त्यांत हे प्रथिन काम करते. बदललेले जनुक असलेल्या घोड्यांना एका बाजूचे पाय बरोबर टाकणे सोपे जाते. आइसलँडच्या घोड्यांत हा संबंध ठळक दिसला. पुढे १४१ जातींची पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी ६८ जातींत हा बदल आढळला.

अर्थात जनुक म्हणजे सर्व काही नव्हे. शिंगराला चाल पक्की करून द्यावी लागते, दम वाढवावा लागतो. घाईने किंवा लगामाच्या धाकाने चाल बसवली तर पाठ ताठरते आणि ठोक्यांची समता जाते. परीक्षकाने पाहायची असते ती हीच समता.

मांड म्हणजे हिसक्यांवरचा उपाय

दुडकीतला घोडा मिनिटाला साधारण ८० वेळा पावलांचे आवर्तन पुरे करतो. एका आवर्तनात दोन उसळ्या, म्हणजे मिनिटाला १६० उसळ्या. अर्ध्या तासात ४,८०० वेळा स्वार वर उडून खोगिरावर आदळणार. यावर माणसाने तीन उपाय काढले.

पहिला उपाय म्हणजे उठबस. एका जोडीच्या ठोक्याला रिकिबीवर भार घेऊन उठायचे, दुसऱ्या जोडीच्या ठोक्याला हलकेच बसायचे. आदळणे निम्मे होते. इंग्रजी पद्धतीत दुडकीसाठी हीच मांड शिकवतात. त्यासाठी रिकीब थेट गुडघ्याखाली, स्वाराच्या शरीराच्या मध्यरेषेत लटकणारी हवी. ती पुढे असेल तर उठताना स्वार मागे कलंडतो.

दुसरा उपाय म्हणजे कंबर सैल ठेवून उसळीबरोबर वाहणे. ड्रेसाज या प्रकारात हे कौशल्य पराकोटीला नेलेले असते. रिकीब लांब, खोगीर खोलगट, पाय घोड्याच्या कुशीला लागून सरळ खाली. याला वर्षे लागतात. पण ज्याला साधले तो नुसत्या बैठकीने घोड्याला सूचना देऊ शकतो.

तिसरा उपाय म्हणजे खोगिराला न टेकणे. शर्यतीतला जॉकी आखूड रिकिबीवर गुडघे दुमडून पाठ आडवी करून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बैठक रूढ झाली आणि त्याच सुमारास शर्यतींचे वेळ ५ ते ७ टक्क्यांनी सुधारले. याचे कारण २००९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी मोजून दाखवले. घोड्याचे शरीर दर झेपेला मागेपुढे व खालीवर होत असते. जॉकी पायांच्या सांध्यांत ही हालचाल जिरवतो आणि स्वतः जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो. घोड्याला त्याचे वजन पेलावे लागते, पण दर झेपेला ते वजन पुन्हा पुन्हा उचलून फेकावे लागत नाही. उडीच्या स्पर्धेत पुढे झुकण्याची पद्धत इटलीच्या फेदेरिको काप्रिल्ली या लष्करी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. तिच्यातही स्वाराचा भार घोड्याच्या गुरुत्वमध्याच्या जवळ ठेवणे हेच सूत्र आहे.

आता रवालीचा विचार करा. येथे उसळीच नाही, तर उठबस कशासाठी? तिरप्या जोड्यांचा ठोका नसल्याने उठबशीला तालही सापडत नाही. येथे शांत, खोल आणि मध्यावर बसणेच योग्य. काही स्वार रुबाबासाठी पार मागे रेलून पाय पुढे ताणून बसतात. त्याने घोड्याचा पुढचा भाग मोकळा दिसतो हे खरे, पण स्वाराचा भार कोठे जातो ते पाहिले पाहिजे. घोड्याच्या पाठीत बरगड्यांना जोडलेले १८ मणके असतात. त्यांच्यामागे कमरेचे साधारण ६ मणके असतात आणि त्यांना बरगड्यांचा आधार नसतो. खोगीर आणि स्वाराचा भार शेवटच्या बरगडीच्या पुढेच थांबला पाहिजे. कमरेवर भार आला की घोडा पाठ खोलगट करतो, मागचे पाय पोटाखाली येत नाहीत आणि ज्या चालीसाठी एवढा खटाटोप तीच बिघडते.

मांड ठरवण्यात चालीइतकाच कामाचाही वाटा आहे. मराठ्यांच्या फौजेतल्या भालाइताचा उजवा हात भाल्यात गुंतलेला, म्हणून लगाम एकट्या डाव्या हातात. मानेला लगामाचा स्पर्श होताच घोड्याने वळायचे, ही शिकवण त्यातून येते. अमेरिकेतल्या गुराख्याचा एक हात गुरे पकडण्याच्या दोरात अडकलेला, म्हणून तोही एका हाताने घोडा वळवतो. त्यांच्या खोगिराच्या पुढे दिसणारा खुंट ही शोभा नसून दोर अडकवण्याची सोय आहे. भाल्याने जमिनीतला खुंटा उपटण्याचा टेंट पेगिंगचा खेळ आपल्या लष्करात आजही खेळला जातो, त्यातही एकहाती लगाम लागतो. देश वेगळे, पण अडचण एक म्हणून उपायही एक.

खोगीर आणि खोगीरभरती

मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी माल. घोड्याला विचारले असते तर त्याने या शब्दाला हरकत घेतली असती. खोगिरात काय भरले आहे आणि कसे भरले आहे यावर त्याच्या पाठीचे सारे आरोग्य अवलंबून असते.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र आठवीच्या मुलांनाही ठाऊक असते. समजा स्वार आणि खोगीर मिळून ८० किलो. त्यांचे वजन सुमारे ७८५ न्यूटन. खोगिराच्या दोन्ही गाद्या मिळून १,२०० चौरस सेंटिमीटर जागेवर नीट टेकल्या असतील तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६५ न्यूटन दाब येतो. पण खोगिराचा सांगाडा पाठीच्या मापाचा नसेल, भरती एकीकडे गोळा झाली असेल आणि खोगीर ४०० चौरस सेंटिमीटरवरच टेकत असेल, तर तोच दाब जवळजवळ २ न्यूटन होतो. खोगिराखाली दाब मोजणारी चटई ठेवून युरोपात झालेल्या मोजणीवरून असे मानतात की सरासरी दाब साधारण १.१ न्यूटनच्या वर राहिला तर पाठ दुखावण्याचा धोका वाढतो. आणि हा झाला उभ्या घोड्याचा हिशेब. दुडकीत स्वार आदळतो तेव्हा क्षणभर हे बल दुपटीच्याही वर जाऊ शकते.

दाबाखाली त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रोज तासन्‌तास असे झाले की तेथील पेशी मरतात. केसांना रंग देणाऱ्या पेशीही त्यांत असतात, म्हणून जखम भरल्यावर त्या जागी पांढरे केस उगवतात. काळ्या किंवा कुमैत घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे ठिपके दिसले तर ती जन्मखूण समजू नये. ती बहुतेक वेळा बेमाप खोगिराची जुनी नोंद असते. रपेटीनंतर खोगीर उतरवताच दिसणारा घामाचा ठसाही बोलका असतो. ठसा सर्वत्र सारखा ओला हवा. मध्येच कोरडा चकंदळ दिसला तर तेथे दाब इतका होता की घामग्रंथींना काम करता आले नाही, अशी शंका घ्यावी.

योग्य खोगिराच्या खुणा साध्या आहेत. पुढची कमान खांद्यांमधल्या उंचवट्याला टेकता कामा नये, स्वार बसल्यावरही तेथे दोनतीन बोटे मावावीत. कण्यावर दोन गाद्यांमधून मोकळी पन्हळ राहावी. खोगीर खांद्याच्या फऱ्याच्या मागे असावे, म्हणजे पुढचा पाय मोकळा फेकता येतो. रवालीच्या घोड्याला याचे महत्त्व अधिक, कारण त्याच्या चालीचे सौंदर्यच पुढच्या पायाच्या फेकीत आहे. तंग पुरेसा आवळलेला हवा, पण बोटे सरकतील इतपत सैलही हवा. खोगीर बेमाप असेल तर ते सरकते, सरकते म्हणून तंग आणखी आवळला जातो आणि घोड्याचा श्वास अडखळतो.

वजनाचाही हिशेब करावा. २००८ साली अमेरिकेतील ओहायो येथे आठ घोड्यांवर वेगवेगळी ओझी लादून पाहिली. ओझे घोड्याच्या वजनाच्या २५ व ३० टक्क्यांवर गेल्यावर स्नायूंचे दुखणे व नाडीचे ठोके लक्षणीय वाढले. त्यावरून २० टक्क्यांची मर्यादा सोयीची मानतात. आपले काठेवाडी घोडे अंगाने आटोपशीर असतात. समजा घोडा ३५० किलोचा आहे. त्याची मर्यादा ७० किलो. इंग्रजी खोगीर ७ किलोचे असेल तर स्वाराला ६३ किलो उरतात. गुराखी पद्धतीचे खोगीर सहज १६ किलोचे असते, मग स्वाराला ५४ किलोच उरतात. असे खोगीर मोठ्या जागेवर भार पसरवते हा त्याचा गुण. पण छोट्या पाठीवर ते कमरेपर्यंत मागे जाते आणि गुणाचा अवगुण होतो. चित्रपटात पाहिलेले खोगीर आपल्या घोड्यावर चढवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा.

लगाम ही तरफ आहे

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बिनदातांची मोकळी जागा असते. लगामाची तोंडातली सळई तेथे बसते. खाली जबड्याचे हाड आणि त्यावर हिरडीचा पातळ थर, एवढेच. नाजूक जागा आहे म्हणूनच बोटभर ओढीने एवढे मोठे जनावर ऐकते.

लगामाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात सळईच्या टोकांना कड्या आणि कड्यांना सरळ दोर. स्वाराने १० न्यूटन ओढले तर तोंडावरही सुमारे १० न्यूटनच येतात. याला स्नॅफल म्हणतात. दुसऱ्यात सळईच्या दोन्ही टोकांना उभ्या दांड्या असतात. दांडीच्या खालच्या टोकाला दोर असतो आणि वरच्या टोकाला हनुवटीखालून जाणारी साखळी. याला कर्ब म्हणतात. ही सरळ तरफ आहे. समजा दांडी सळईच्या खाली १२ सेंटिमीटर आणि वर ४ सेंटिमीटर आहे. दोरावर १० न्यूटन बल दिले तर १० × १२ = साखळीवरचे बल × ४. म्हणजे साखळीवर ३० न्यूटन. सळईला दोन्ही बलांचा तोल सावरावा लागतो, म्हणून तिच्यावर ४० न्यूटन. जबडा सळई आणि साखळी यांच्यामध्ये चिमटीत सापडतो. हात तेवढाच हलला, पण तोंडावर चौपट भार आला.

यावरून दांडीचा लगाम वाईट असे ठरत नाही. कसबी स्वाराच्या हातात तो दोन बोटांच्या इशाऱ्यावर काम करतो. म्हणूनच ड्रेसाजच्या वरच्या पातळीवर स्नॅफल आणि कर्ब दोन्ही एकत्र वापरण्याची प्रथा आहे. वाईट असतो तो कच्च्या मांडीच्या स्वाराच्या हातातला दांडीचा लगाम. ज्याची बैठक डळमळते तो तोल सावरायला दोर धरतो, आणि त्याच्या प्रत्येक हिसक्याची किंमत घोड्याचे तोंड चौपटीने मोजते. साखळी पहिल्या वेगळ्या सूत्राने हातापर्यंत येते ती अशी: मांड पक्की, तर हात मोकळा. हात मोकळा, तर लगाम सौम्य.

सगळ्यांत घातक म्हणजे काटेरी लगाम. गुळगुळीत जाड सळई तोंडात ४ चौरस सेंटिमीटरवर टेकते असे धरू. सळईला दहा टोके असतील आणि प्रत्येक टोक २ चौरस मिलिमीटरचे असेल, तर टेकण्याची जागा ०.२ चौरस सेंटिमीटर उरते. तेवढ्याच ओढीला दाब वीसपट. घोडा मान उंच करून, तोंड वासून, फेस गाळत नाचतो तेव्हा पुष्कळांना तो तेज वाटतो. प्रत्यक्षात तो दुखणाऱ्या जागेपासून पळ काढू पाहत असतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली जे नियम झाले, त्यांत काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. तरीही लग्नाच्या वरातींत आणि बाजारांत असे लगाम दिसतात. म्हणून हा विषय नुसत्या स्पर्धेचा राहत नाही.

मग कोणत्या स्पर्धेला काय?

आता सुरुवातीच्या वादाकडे पाहू. रवालीच्या स्पर्धेत समान ठोके आणि हलणार नाही असा स्वार पाहिला जातो. तेथे खांदा मोकळा सोडणारे हलके खोगीर, मध्यावर खोल बैठक, मध्यम लांबीची रिकीब आणि गुळगुळीत लगाम योग्य.

रुबाबाच्या, म्हणजे अंगलटीच्या स्पर्धेत घोडा हातात धरून दाखवतात. तेथे खोगीर नकोच. नीट बसणारी म्होरकी आणि घोड्याला चौरस उभे राहण्याची सवय पुरे. दागदागिने आणि गोंडे जितके जास्त, तितके परीक्षकाला हाडापेराचे प्रमाण कमी दिसते.

नाचाच्या स्पर्धेत घोडा जागच्या जागी गुडघे उचलून ताल धरतो. ड्रेसाजमध्ये जागेवरची दुडकी असते, ती याची जवळची बहीण. तिच्यात भार मागच्या पायांवर घ्यावा लागतो, त्यासाठी पाठीचे व पोटाचे स्नायू वर्षानुवर्षे घडवावे लागतात. तोच परिणाम लगाम खेचून लवकर मिळवला तर पाय उचललेले दिसतात, पण पाठ खचलेली असते. पाठीकडे पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक लगेच कळतो.

उडीला पुढे झुकता येईल असे पुढे वळलेल्या पाखांचे खोगीर आणि आखूड रिकीब लागते. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत खोगीर हलके आणि मोठ्या जागेवर टेकणारे हवे. तेथे ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात, आणि मिनिटाला ६४ ठोक्यांच्या आत ती ठराविक वेळेत उतरली नाही तर घोडा बाद होतो. टेंट पेगिंगला पक्की मांड आणि एकहाती लगाम.

२०२३ साली हांगचौ येथील आशियाई खेळांत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी भारताला ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. १९८२ नंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्ण. त्यांचे कौतुक करताना आपल्याकडच्या प्रत्येक घोड्यावर ड्रेसाजचे खोगीर चढवण्याची गरज नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की घोडा, चाल, बैठक आणि साज ही एकाच कामासाठी जुळवलेली असतात.

शाळेसाठी

यात्रेच्या वेळी सहल काढता आली तर विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या कराव्यात. पहिलीने घोड्यांच्या चालींचे संथगती चित्रण करून पायांचा क्रम व मिनिटातली आवर्तने नोंदवावीत. दुसरीने मालकाची परवानगी घेऊन, मागच्या पायांपासून दूर राहून, खोगिराची जागा, पाठीवरचे पांढरे ठिपके आणि घामाचे ठसे यांची नोंद करावी. तिसरीने लगामांचे प्रकार पाहून दांड्यांची वरची व खालची लांबी अंदाजाने लिहावी आणि तरफेचे गुणोत्तर काढावे.

यात्रा लांब असेल तर वर्गातही पुष्कळ करता येते. स्पंजवर वीट आडवी व उभी ठेवून दाब पाहावा. फूटपट्टी आणि दोन ताणकाटे घेऊन दांडीच्या लगामाचे प्रतिमान बनवावे. मग मुलांपुढे हा प्रश्न ठेवावा: ३२० किलोचा काठेवाडी घोडा, ५८ किलोचा स्वार, रवालीची स्पर्धा, ७ किलोचे खोगीर घ्याल की १६ किलोचे, आणि लगाम कोणता? उत्तराबरोबर आकडेमोड आणि कारणेही मागावीत. ‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण म्हणतो. खान्देशातल्या मुलांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, त्यामुळे आपले उत्तर मैदानात जाऊन पडताळणे त्यांना सहज जमेल.